थर चालू, थर बंद : नकाशाशेजारच्या एका बारीक चौकटीचा इतिहास

#धागा #इतिहास

१/
गेल्या महिन्यात लघुप्रबंधाच्या कामासाठी मुळशी खोऱ्याचा, धरण होण्यापूर्वीचा एक जुना नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएस या संगणकप्रणालीत घातला. त्यावरचे बिंदू आजच्या अक्षांश-रेखांशांशी जुळवले आणि वर आजच्या जलाशयाचा निळा थर ठेवला. पडद्याच्या डाव्या बाजूला थरांची यादी असते आणि प्रत्येक थरापुढे एक बारीक चौकट. निळ्या थरापुढची खूण काढली की पाणी ओसरते. मुळा नदीचे जुने पात्र, पायवाटा, गावांची नावे वर येतात. खूण पुन्हा केली की सारे बुडते. हा खेळ त्या रात्री मी किती वेळा केला, ते सांगत नाही.

२/
आजचा धागा त्या चौकटीविषयी आहे. मुळशीच्या सत्याग्रहाविषयी पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटा कंपनीच्या ज्या धरणाविरुद्ध शेतकरी उभे राहिले, ते हेच, एवढे आजच्यापुरते पुरे. प्रश्न असा आहे : एका चित्रातील माहिती वेगवेगळ्या थरांत ठेवावी, आणि कोणता थर दिसावा हे पाहणाऱ्याने ठरवावे, ही कल्पना कुठून आली? धागा लांब आहे. चहा घेऊन बसावे.

३/
आरंभी एक भेद स्पष्ट करू. थर असणे ही एक गोष्ट आणि थर पाहणाऱ्याच्या हाती असणे ही दुसरी. संगणकावर दोन्ही एकदमच समोर येतात, म्हणून त्या एकच वाटतात. इतिहासात मात्र त्यांच्यामध्ये मोठे अंतर पडलेले आहे, आणि त्या अंतरात काही माणसांची घरेही गेली आहेत.

४/
सुरुवात देहापासून. १५३८ साली स्ट्रासबुर्गमध्ये हाइनरिख फोग्थेर या चित्रकार-मुद्रकाने शरीररचनेची एकपानी चित्रे छापली. आकृतीच्या धडावर कागदाची झडप चिकटवलेली असे. ती उचलली की आतील अवयव दिसत, त्यांखाली आणखी अवयव. पाच वर्षांनी, १५४३ मध्ये, बाझेल येथे अँड्रियास व्हेसेलियसचा शरीररचनेवरील प्रसिद्ध महाग्रंथ निघाला. त्याच वर्षी विद्यार्थ्यांसाठी त्याने ‘एपिटोमी’ नावाचा संक्षेपही काढला. त्यात काही पानांवर अवयव सुटे छापून सूचना दिल्या होत्या : हे कापा, एकावर एक चिकटवा, आपली आकृती आपण उभारा.

५/
ही झडप म्हणजे आपल्या चौकटीची पणजी. पण तिच्यात एक मर्यादा आहे आणि ती पुढे फार महत्त्वाची ठरते. झडपांचा क्रम ठरलेला असतो. छाती उघडल्याशिवाय हृदय दिसत नाही. त्वचा आणि मज्जातंतू हे दोनच थर ठेवून मधले सगळे काढून टाकायचे, असे कागदावर करता येत नाही. वाचकाला उघडझाप करण्याचा अधिकार मिळाला, निवडीचा नाही.

६/
मधली अडीच शतके भराभर ओलांडू आणि एका माळ्याकडे येऊ. ‘माळी’ हा शब्द त्याला आवडला नसता. हम्फ्री रेप्टन हा इंग्लंडमधील जमीनदारांच्या बागा आखून देणारा कलावंत. १७८८ पासून तो ग्राहकांना लाल चामड्याच्या बांधणीतील वह्या तयार करून देई. जलरंगातील चित्रावर एक कापलेली पट्टी असे. पट्टी खाली असताना तुमची आजची बाग, पट्टी उचलली की रेप्टनने सुचवलेली. बांधकाम व्यावसायिकांच्या ‘आधी-नंतर’ जाहिरातींचे मूळ इथे आहे म्हणायला हरकत नाही.

७/
१८१६ च्या आपल्या शेवटच्या ग्रंथात रेप्टनने एसेक्स परगण्यातील स्वतःच्या लहानशा घरासमोरचे दृश्य अशाच पट्टीसह छापले. पट्टी खाली असताना समोर गावाचे सार्वजनिक मैदान, खाटकाच्या दुकानात टांगलेले मांस आणि कुंपणाशी उभा असलेला एक अपंग भिकारी दिसतो. पट्टी उचलली की कुंपण पुढे सरकलेले असते. गावाच्या मैदानाचा तुकडा बागेत आला आहे, फुललेल्या वेलींनी खाटकाचे दुकान झाकले आहे. भिकारी नाही.

८/
हे चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी काही वेळ तो कागद नुसता वर-खाली करत राहण्याची कल्पना करत बसले. भिकारी आहे, भिकारी नाही. थरांच्या तंत्राचा इतिहास सांगणारे लोक रेप्टनचा उल्लेख कौतुकाने करतात. तो कौतुकास पात्रही आहे. पण त्या पट्टीवर काय काढायचे हे रेप्टनने ठरवले होते, आणि मैदान ज्यांचे होते त्यांच्या हाती ती वही कधी आली नाही, हेही सोबत सांगायला हवे.

९/
आता विसाव्या शतकात, आणि थोडे मुंबईत. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विचारवंत १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. नगररचना करण्यापूर्वी त्या जागेची पाहणी करा, हा गेडिस यांचा आयुष्यभराचा आग्रह : जमीन, पाणी, धंदे, माणसे, सारे आधी नीट पाहा. भारतातील त्यांच्या अहवालांचे एक संकलन १९४७ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या संपादिकेचे नाव जॅकलिन टिरिट.

१०/
टिरिटबाईंचे नाव नकाशाशास्त्राबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. महायुद्धाच्या काळात आघाडीवरील सैनिकांसाठी नगररचनेचा पत्राद्वारे अभ्यासक्रम चालवणारी ही बाई. १९५० साली निघालेल्या नगररचनेच्या पाठ्यपुस्तकात तिने एक पद्धत पायरीपायरीने लिहून दिली. जमिनीचा चढउतार, पाण्याचे प्रवाह, खडकांचे प्रकार, मातीतून पाण्याचा निचरा हे सर्व एकाच प्रमाणात, वेगवेगळ्या पारदर्शक कागदांवर काढा. प्रत्येक कागदावर जुळणीसाठी समान खुणा ठेवा. मग कागद एकावर एक ठेवून सर्वांचा मिळून एक नकाशा तयार करा.

११/
अशी कामे आधीही होत होती. अमेरिकेत वॉरन मॅनिंगने १९१२ साली मॅसॅच्युसेट्समधील बिलेरिका गावाच्या आराखड्यासाठी नकाशांवर नकाशे ठेवले होते. पण ‘हे असे करावे’ म्हणून शिकवण्याजोगे लिहून ठेवणे वेगळे. कारागिरी आणि शास्त्र यांच्यात नेमका तेवढाच फरक असतो. पुढे १९५४ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रसंघातर्फे स्वस्त घरबांधणीच्या प्रदर्शनासाठी टिरिट दिल्लीत आल्या होत्या, हे जाता जाता.

१२/
यानंतर येतो या धाग्याचा नायक, आणि काही अंशी खलनायकही. इयन मॅकहार्ग. जन्म १९२०, ग्लासगोजवळच्या क्लाइडबँकचा. पुढे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात भूदृश्यरचनेचा प्राध्यापक. त्याचा ‘डिझाइन विथ नेचर’ हा ग्रंथ १९६९ चा. त्यातील एक प्रकरण न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील एका रस्त्याविषयी आहे, आणि माझ्या मते थरांचा खरा राजकीय इतिहास तिथून सुरू होतो.

१३/
रस्त्याचे नाव रिचमंड पार्कवे. न्यूयॉर्कमध्ये पूल, महामार्ग, उद्याने यांवर दशकानुदशके हुकमत गाजवणारे रॉबर्ट मोझेस यांच्या आराखड्यानुसार तो बेटाच्या मध्यावरील टेकड्या आणि जंगल, म्हणजे तिथला ‘ग्रीनबेल्ट’, चिरत जाणार होता. रहिवाशांनी विरोध केला. पर्यायी मार्ग शोधण्याचे काम १९६८ मध्ये मॅकहार्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांकडे आले.

१४/
त्याने काय केले, ते सावकाश पाहण्यासारखे आहे. रस्ता कुठून जावा हे ठरवणाऱ्या सोळा गोष्टी त्याने निवडल्या : उतार, पृष्ठभागावरील निचरा, खडकाचा पाया, धूप होण्याचा धोका, भरतीचे पाणी, जमिनीची किंमत, ऐतिहासिक वास्तू, निसर्गसौंदर्य, जंगल, वन्यजीव, वस्ती, संस्था इत्यादी. प्रत्येकीसाठी एक पारदर्शक नकाशा. प्रत्येकात तीनच छटा. जिथे अडथळा किंवा समाजाचे नुकसान सर्वांत जास्त तिथे सर्वांत गडद, जिथे सर्वांत कमी तिथे स्वच्छ.

१५/
मग हे सारे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून छायाचित्र घेतले. जिथे अनेक मूल्ये एकत्र आली तिथे काळोख साचला. त्या काळोखातून एक फिकट वाट उरली. रस्ता तिथून न्यावा, म्हणजे समाजाचे कमीत कमी नुकसान होईल. इतके साधे. अभियंत्यांचे ताळेबंद न समजणाऱ्या नागरिकालाही ते चित्र एका दृष्टिक्षेपात कळत होते. महामार्गाच्या हिशेबात जंगलाला किंमत असते, हे तोवर कोणी असे डोळ्यांसमोर मांडले नव्हते.

१६/
रस्त्याचा दक्षिणेकडील भाग १९७२ मध्ये वाहतुकीस खुला झाला. ग्रीनबेल्टमधून जाणारा भाग कधीच बांधला गेला नाही. खोदाईतून निघालेल्या दगडमातीचा ढीग मात्र तिथे राहिला. त्यावर आता झाडी आहे आणि लोक त्याला ‘मोझेस माउंटन’ म्हणतात. सत्ताधीशाच्या नावाने राडारोड्याची टेकडी राखून ठेवण्याची ही पद्धत मला मनापासून आवडते.

१७/
आता खलनायकी भाग. त्या सोळा थरांतील ‘वस्ती’ हा थर कसा रंगवला होता? घराची बाजारातील किंमत जितकी जास्त तितकी छटा गडद. म्हणजे श्रीमंताचे घर रस्त्यासाठी मोठा अडथळा, गरिबाचे लहान. जमिनीच्या किमतीचा थरही त्याच दिशेने झुकलेला. मॅकहार्ग दुष्ट नव्हता. त्याने ही मोजपट्टी आपल्या ग्रंथात उघडपणे छापली आहे. पण थर एकत्र करून छायाचित्र घेतल्यावर, समोरच्या करड्या डागातला किती करडेपणा जंगलाचा आणि किती घरांच्या किमतीचा, हे कोण सांगणार?

१८/
काळोखाला नाव नसते. सोळा पारदर्शक कागद एकत्र केल्यावर कुठला काळोख कुणाचा, हे चित्रातून परत काढता येत नाही. ग्रंथात सुटे नकाशेही छापले आहेत, हे खरे. पण सभेत, न्यायालयात, वर्तमानपत्रात जाणारे चित्र हे एकत्रित चित्र असते. १९७७ साली लुइस हॉपकिन्स या अभ्यासकाने आणखी एक वर्मी बोट ठेवले. ‘कमी-मध्यम-जास्त’ अशा क्रमवारीच्या छटांची बेरीज गणिताच्या दृष्टीने करताच येत नाही. उताराचा ‘जास्त’ आणि इतिहासाचा ‘जास्त’ सारखे आहेत, असे गृहीत धरल्याशिवाय ती बेरीज होत नाही, आणि पारदर्शक कागद ते गृहीत गुपचूप धरतात.

१९/
वाचकहो, इथे त्या बारीक चौकटीची खरी गरज जन्माला येते. कल्पना करा : त्या सभेतील एखादी स्त्री उठून म्हणते, ‘घरांच्या किमतीचा थर जरा बाजूला काढा, मग दाखवा तुमची फिकट वाट कुठून जाते.’ छायाचित्राला हे उत्तर देता येत नाही. त्यासाठी पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन, पंधराच कागद ठेवून, नवे छायाचित्र काढावे लागते. आणि प्रयोगशाळेची किल्ली त्या स्त्रीकडे नसते.

२०/
याच दशकात कॅनडात दुसरी वाट निघत होती. रॉजर टॉमलिन्सन हा तरुण भूगोलतज्ज्ञ ओटावातील एका हवाई सर्वेक्षण कंपनीत होता. पूर्व आफ्रिकेत वृक्षलागवडीसाठी जागा शोधण्याचे काम आले. कारकुनांकरवी नकाशे एकावर एक ठेवून ते करायचे तर खर्च आवाक्याबाहेर जात होता. हे काम संगणकाला देता येईल, असे त्याच्या मनात आले. १९६२ मध्ये विमानप्रवासात त्याची गाठ कॅनडाच्या भूमी-पाहणी योजनेच्या प्रमुखांशी, ली प्रॅट यांच्याशी, पडली. त्या शेजारच्या खुर्चीतून ‘कॅनडा जिऑग्राफिक इन्फर्मेशन सिस्टिम’ निघाली. ‘जीआयएस’ हे नाव आपण आज सरसकट वापरतो, ते तिथले.

२१/
आयबीएमने मोठे नकाशे वाचणारे पिंपासारखे फिरते स्कॅनर बनवले. शेतीयोग्यता, वनीकरण, वन्यजीव, करमणूक असे देशाच्या जमिनीचे अनेक थर यंत्रात गेले. थरांवर थर ठेवणे पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने गणित झाले. १९६७ च्या ‘डेटा फॉर डिसिजन’ या माहितीपटात हे सारे काम मोठ्या अभिमानाने दाखवले आहे.

२२/
गंमत अशी की, या प्रणालीतून बाहेर पडणारी मुख्य वस्तू नकाशा नव्हतीच. ते कोष्टक होते : अमुक प्रकारची जमीन, अमुक इतके एकर. मंत्रालयाला तेच हवे होते. म्हणजे मॅकहार्गकडे डोळ्यांना दिसणारे पण सुटे न होणारे थर होते. टॉमलिन्सनकडे थर पूर्ण सुटे होते, पण ते पाहायला डोळे लावायची सोयच नव्हती. प्रश्न विचारायचा तर तो यंत्र चालवणाऱ्याकडे द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची.

२३/
हार्वर्डमध्ये हॉवर्ड फिशरने १९६५ मध्ये संगणकीय आलेखनाची प्रयोगशाळा काढली. तिथल्या ‘सायमॅप’ या प्रणालीचे नकाशे साध्या लाइन प्रिंटरवर छापले जात. छटा कशी आणायची? ओ, एक्स, ए, व्ही यांसारखी अक्षरे एकाच जागी पुन्हा पुन्हा ठोकून. जितकी अक्षरे एकावर एक, तितका काळोख दाट. मॅकहार्गचा काळोख आता यंत्र ठोकत होते, एवढेच. याच प्रयोगशाळेत शिकलेल्या जॅक डेंजरमंड यांनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात एस्री ही संस्था पत्नीसमवेत स्थापन केली. आज जगभरच्या सरकारी कार्यालयांत तिची प्रणाली चालते.

२४/
मग चौकट यायला इतका उशीर का लागला? याचे कारण तत्त्वज्ञानात नाही, काचेत आहे. सत्तरच्या दशकात वैज्ञानिकांच्या टेबलावर जे आलेखी पडदे आले, त्यांतील टेक्ट्रॉनिक्सचे पडदे फार लोकप्रिय होते. त्यांवर काढलेली रेघ पडद्यावरच साठून राही. त्यामुळे महागडी स्मृती लागत नसे. पण एकटी एखादी रेघ पुसता येत नसे. पुसायचे तर सारा पडदा एकदम. हिरवा झगझगीत उजेड पडे आणि पाटी कोरी होई. नदीचा थर नको असेल तर सगळा नकाशा पुसा आणि नदी वगळून पुन्हा पहिल्यापासून काढा.

२५/
थर ‘बंद’ करणे म्हणजे उरलेले सगळे नव्याने काढणे. तेवढा वेळ कोणाकडे असतो? पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यासाठी स्मृती ठेवणे ऐंशीच्या दशकात स्वस्त झाले, तेव्हा हे बदलले. त्या स्मृतीतही आधी मूळ चित्राच्या वर वेगळे, स्वतंत्रपणे लपवता येणारे पापुद्रे आले. मूळ चित्राला धक्का न लावता वरची रेघ काढून घेता येऊ लागली. इतिहासाचे विद्यार्थी सहसा राजे आणि कायदे यांत कारणे शोधतात. स्मृतीचा प्रतिठिपका भाव हेही एक कारण असू शकते, हे मला या शोधात शिकायला मिळाले.

२६/
वैज्ञानिक दृश्यीकरणाच्या बाबतीत मला सर्वांत मोह पाडणारे ठिकाण म्हणजे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे मॅडिसन. उपग्रहांच्या छायाचित्रांवर हवामानाची आकडेवारी चढवून दाखवणारी ‘मॅकआयडास’ ही प्रणाली तिथे १९७३ पासून होती. तिथेच १९८८ च्या सुमारास बिल हिबार्ड यांनी ‘व्हिस-फाइव्ह-डी’ रचली. पाच मिती म्हणजे जागेच्या तीन, काळाची एक आणि पाचवी म्हणजे तापमान, दाब, आर्द्रता, वारा यांपैकी तुम्ही कोणती राशी पाहता ती.

२७/
पाचवी मिती म्हणजे निवड! हवामानाच्या प्रतिरूपातून निघालेले वातावरण पडद्यावर उभे राही आणि शेजारी बटणांची जाळी असे. एकेका राशीपुढे ती आडव्या छेदाने पाहायची, उभ्या छेदाने की समान मूल्याच्या पृष्ठभागाच्या रूपात, याची बटणे. दाबले की ढग, पुन्हा दाबले की ढग गेले आणि आतला वारा उघडा. आकृत्या आधीच तयार करून ठेवलेल्या असल्याने बटण आणि चित्र यांमध्ये थांबणे नसे. शिवाय प्रणालीची मूळ संहिता सर्वांना खुली. शास्त्रज्ञाला आलेखनतज्ज्ञाच्या दाराशी ताटकळायची गरज उरली नाही.

२८/
नव्वदच्या दशकात ही सोय घराघरांत गेली. एस्रीच्या ‘आर्कव्ह्यू’मध्ये नकाशाशेजारी यादी आणि तिच्यात खुणेची चौकट आली (थराला ते लोक तेव्हा ‘थीम’ म्हणत). १९९४ मध्ये ‘फोटोशॉप’च्या तिसऱ्या आवृत्तीत थर आले, आणि त्यांपुढे उघडझाप करणारा डोळा. २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी क्यूजीआयएसचे काम सुरू केले. त्याच वर्षी वैज्ञानिक आकृत्यांसाठी ‘पॅराव्ह्यू’ही जगापुढे आले, आणि त्याच्याही यादीत तोच डोळा.

२९/
देहाची गोष्ट पुरी करू. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने एका संपूर्ण पुरुषदेहाचे, एकेक मिलिमीटर अंतराने घेतलेले छेद संगणकावर खुले केले. कातडी काढा, स्नायू ठेवा, हाडे ठेवा, मज्जातंतू एकटे पाहा. व्हेसेलियसच्या विद्यार्थ्याला जे कात्रीने साधले नव्हते ते साधले. तो देह टेक्सासमध्ये मृत्युदंड झालेल्या कैद्याचा होता. व्हेसेलियसच्या टेबलावरही फाशी गेलेल्यांचेच देह येत. साडेचारशे वर्षांत तंत्र किती बदलले आणि काय बदलले नाही, ते पाहा.

३०/
आता आपल्या डोंगरांत येऊ. आपल्याकडे दीर्घकाळ प्रश्न थर बंद करण्याचा नव्हता, मुळात नकाशा मिळण्याचाच होता. किनारा आणि सरहद्द यांपासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातील भारतीय सर्वेक्षण विभागाचे तपशीलवार नकाशे निर्बंधित असत. कोकणाची रुंदी लक्षात घेता त्यात जवळपास सारे कोकण आणि सह्याद्रीचा बराचसा माथा येतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन मालिका केल्या. २००९ मध्ये इस्रोचे ‘भुवन’ आले. २०२१ च्या फेब्रुवारीत भूस्थानिक माहितीवरील निर्बंध आणखी सैल झाले.

३१/
या पार्श्वभूमीवर पश्चिम घाटाचे दोन अहवाल वाचावेत. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगट २०१० मध्ये नेमला गेला. त्यांनी घाटाचे पाच मिनिटे अक्षांश गुणिले पाच मिनिटे रेखांश, म्हणजे साधारण नऊ किलोमीटर बाजूचे, सुमारे २,२०० चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाला अनेक थरांवर गुण दिले : फक्त इथेच आढळणाऱ्या वनस्पती, संकटग्रस्त सस्तन प्राणी, जंगलाचे प्रमाण, उंची, उतार, नदीकाठची वने. त्यांची सरासरी काढून संवेदनशीलतेच्या तीन पायऱ्या केल्या. पद्धतीचे कूळ सरळ मॅकहार्गपर्यंत जाते. फरक असा की, गुण कसे दिले ते आकड्यांत लिहिले होते आणि अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात असेही म्हटले होते.

३२/
अहवाल ३१ ऑगस्ट २०११ ला मंत्रालयाकडे गेला आणि तिथेच राहिला. माहितीच्या अधिकारात तो मागितला गेला. एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी तो खुला करण्याचा आदेश दिला. मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि हरले. मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. ज्या चौकोनांत लोक राहत होते ते चौकोन त्यांना पाहायला मिळण्यासाठी जवळपास नऊ महिने आणि एक उच्च न्यायालय लागले.

३३/
त्याच वर्षी कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला. त्याचा अहवाल एप्रिल २०१३ चा. डोंगर तेच, पण थर बदलले. चौकोनाऐवजी गाव हे एकक घेतले. उपग्रहचित्रांची बारकाई २४ मीटरपर्यंत आणली. आणि लोकवस्तीची घनता हा थर निर्णायक केला : शेते, मळे, वस्त्या असलेला ‘सांस्कृतिक’ प्रदेश बाजूला काढला. उरलेला जवळपास ६०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे त्यांनी धरलेल्या घाटाच्या सुमारे ३७ टक्के, संवेदनशील ठरला. गाडगीळ गटाने साऱ्या घाटालाच कमीअधिक पायऱ्यांत बसवले होते.

३४/
कोणता अहवाल बरोबर, यावर गेली बारा-तेरा वर्षे आपण भांडत आहोत. माझे मत गाडगीळ यांच्या बाजूने झुकते, ते लपवत नाही. त्याचबरोबर हेही मान्य करते की, नऊ किलोमीटरच्या चौकोनात एखाद्या बागायतदाराला आपले शेत सापडत नाही आणि त्याची भीती खोटी म्हणता येत नाही. परंतु गावोगावच्या सभांत काय झाले? तिथे पोहोचला तो रंगवलेला एकच नकाशा, किंवा नुसती गावांची यादी. ‘उताराचा थर काढून दाखवा’, ‘आमच्या गावातली कोणती वनस्पती मोजली ती दाखवा’ असे म्हणण्याची सोय त्या कागदात नव्हती. स्टेटन बेटावरच्या सभेत जी अडचण, तीच सिंधुदुर्गात.

३५/
आणि थर खुले असले तरी एक बाब राहतेच. प्रणाली उघडल्याबरोबर कोणते थर आधीपासून चालू असतात? बहुतेक लोक यादीला हात लावत नाहीत. जे पहिल्या क्षणी दिसते तोच त्यांचा नकाशा. सरकारी संकेतस्थळांवर नकाशे उघडताना मी आता आधी ती यादी पाहते : काय चालू आहे, काय बंद आहे आणि कशाला चौकटच दिलेली नाही. रेप्टनच्या पट्टीवर भिकारी कोणत्या बाजूला आहे ते पाहायचे, तसे.

३६/
माझा मुळशीचा नकाशा अजून कच्चा आहे. जुन्या सर्वेक्षणातील एक देऊळ आजच्या डोंगरउतारावर भलत्याच जागी पडते, म्हणजे माझी जुळणी कुठेतरी चुकली आहे. पुढच्या आठवड्यात मार्गदर्शकांना फाइल पाठवायची आहे आणि उघडताना निळा थर चालू ठेवायचा की बंद, हे अजून ठरलेले नाही. मावळ-मुळशी भागातील कोणाच्या घरी धरणापूर्वीचे सातबारे, हातनकाशे किंवा मोजणीचे कागद असतील तर कृपया संदेश पाठवा. मूळ कागद नको, स्वच्छ उजेडात काढलेले छायाचित्र पुरेल.